मोठ्यांना बादलीत ठेवा

लालबागच्या त्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर, जिन्यापासून पाचवी खोली भिवा परबाची. खोलीत एक चूल, एक ट्रंक, एक खाट, देवाचा कोनाडा, आणि खिडकीखाली दोन स्टुलांवर दोन फूट लांबीचं एक तळं.

तळं म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या चौकटीत पुट्टी लावून बसवलेल्या काचा. सहा वर्षांपूर्वी भिवाच्या लेकीची, कांताची, शाळेची सहल चर्नी रोडच्या मत्स्यालयात गेली आणि पोरगी घरी आली ती वेगळीच होऊन. "बाबा, पाण्यातपण बाग असते!" एवढं एकच वाक्य ती चार दिवस बोलत राहिली. पाचव्या दिवशी भिवानं गिरणीतल्या फिटरला धरलं. चौकट झाली, काचा बसल्या, तळाला वाळू पडली. क्रॉफर्ड मार्केटातून मडक्यात बसून मासे आले, आणि त्यांच्या सोबतीला एक गवत आलं. लांब, चपटं, हिरवंगार, पाणी हललं की डोलणारं. दुकानदारानं त्याचं जे इंग्रजी नाव सांगितलं ते भायखळ्यापर्यंतसुद्धा टिकलं नाही. कांतानं आपल्या दोन वेण्यांकडे बघितलं आणि त्याचं नाव ठेवलं, रिबीन.

चंपाला, म्हणजे भिवाच्या बायकोला, हे सगळं अधर्माचं वाटे. ती मालवणची. "मासो दर्यात आसा तवसर देवाचो. घरात इलो काय तो माझ्या तव्याचो," असं तिचं साधं शास्त्र होतं. आणि प्रभादेवीहून रोज टोपली घेऊन येणारी सखुबाई कोळीण तर दारात बसून कपाळाला हात लावी. "चंपे, तुझा घो माशाला भाकर चारतो आन् तू माझ्याकडनं मासा इकत घेतेस. या घराचा उलगडा मना कवा होयाचा?"

गेल्या वैशाखात कांताचं लग्न झालं. जावई बेळगावला शाळेत विज्ञान शिकवणारा. पाठवणीच्या वेळी कांता आईच्या गळ्यात पडली, सखुबाईच्या गळ्यात पडली, आणि मग तळ्याशी जाऊन काचेला गाल लावून उभी राहिली. "बाबा, माझी रिबीन जपा हं." भिवाच्या कानांत गिरणीतले तीस वर्षांचे साचे, म्हणजे माग, खडखडत असत. त्याला निम्मंच ऐकू येई. पण साचेखात्यातला माणूस कानानं नाही, डोळ्यांनी ऐकतो, समोरच्याचे ओठ वाचतो. भिवानं लेकीचे ओठ वाचले. "जपीन," म्हणाला.

त्या दिवसांत चंपा तांदूळ निवडताना आपल्याशीच म्हणे:

लेक चालली सासरी, मागं वळून पाहते
माझ्या काचेच्या तळ्यात तिची रिबीन राहते

पण रिबीन राहीना. त्याच पावसाळ्यानंतर समोर एका गोदामाची भिंत चढली आणि खिडकीतून येणारा सकाळचा कवडसा गेला. तळाची वाळू सहा वर्षांत धुऊन धुऊन अगदी पोकळ, सत्त्वहीन झालेली. बावीस पाती होती त्यांची पंधरा झाली, पंधराची नऊ. उरली ती पिवळी, कडांना विरलेली, जुन्या फितीसारखी.

भिवाला लिहिता येई ते सहीपुरतं आणि वर चार ओळी. म्हणून लेकीला पत्रं लिहायचे नाना. नाना गिरणीच्या टाइमऑफिसात कारकून, जिन्याजवळच्या पहिल्या खोलीत राहणारे, अक्षर मोत्यासारखं. भिवा दर पत्राच्या शेवटी मान खाली घालून सांगे, "लिवा, रिबीन बरी आसा." नाना लिहीत, "रिबीन टवटवीत आहे." वर्षभर नानांची समजूत होती की रिबीन ही भिवाची मांजर.

आणि मग माघात बातमी आली. कांताला दिवस गेलेत, एप्रिलअखेर ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार. चंपानं देवापुढं साखर ठेवली. भिवा तळ्यापुढं बसला. त्यानं पाती मोजली. चार.

त्या रविवारी त्यानं नानांना न सांगता स्वतः कार्ड घेतलं आणि जीभ दातांखाली धरून चार ओळी लिहिल्या. "कांता, मी खोटा बोललो. पिवळी पडली. चारच ऱ्हवली. काय करू."

*

उत्तर आलं मार्चच्या पहिल्या आठवड्यात. पोस्टमनला तिसरा मजला चढायचा कंटाळा आणि चढलाच तर पुढं चालायचा त्याहून मोठा, त्यामुळं मजल्याचं सगळं टपाल पहिल्या खोलीत, नानांच्या हाती. पाकीट असलं तर नाना ते उन्हाकडे धरत. कार्डाला तेवढीही मेहनत नव्हती.

इथं नानांचं एक दुःख सांगायला हवं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात चार वर्षं नानांनी घसा फोडला होता, पण त्यांना अटक म्हणून झाली नव्हती. छप्पन साली एकदा पोलिसांनी सगळी गल्ली उचलली. नाना रांगेत शेवटचे. व्हॅन भरली. हवालदार म्हणाला, "काका, तुम्ही जा आता घरी." दुसऱ्या वेळी सत्याग्रहाची तारीख ठरली आणि नानांना गालगुंड झालं. पानवाला महिनाभर आत जाऊन आला. चाळीच्या मालकाचा भय्यासुद्धा चुकून पंधरा दिवस आत जाऊन आला, आणि बाहेर आल्यावर त्याच्या गळ्यात हार पडला तो नानांनीच घातला. आता तर दिल्लीनं मान्यही केलं होतं. मे महिन्यात राज्य होणार, मुंबईसह. फक्त बेळगाव, कारवार सीमेपलीकडे राहणार. नाना सगळ्यांबरोबर पेढे खात होते, पण आतून झुरत होते. लढा संपत आला आणि आपण बाहेरच.

अशा माणसाच्या हाती बेळगावहून आलेलं हे कार्ड पडलं:

"ती. बाबांस सा. न. घाबरू नका. मुळे अजून जिवंत आहेत. पण आता तळापासून बदल हवा. नुसत्या वाळूवर काही उभे राहत नाही. खाली माती घाला, आपली. वर जाड वाळूचा थर द्या, म्हणजे खालचे वर येणार नाही. उजेड वाढवा, पण एकदम नको, नाहीतर फुकट खाणारे आधी माजतात. मोठ्यांना काही दिवस बादलीत ठेवा. घाई करू नका. मी एप्रिलअखेर येतेच. कांता."

नानांनी दार लावून घेतलं. मग दार उघडून शेजारच्या वसंतला आत ओढलं आणि पुन्हा लावून घेतलं. वसंत गिरणीत वायरमन. सरळ माणूस.

"वाच."

वसंतनं वाचलं. "बरं मग?"

"बरं मग काय? बेळगावहून आलंय! 'मुळे जिवंत आहेत.' म्हणजे काय?"

"म्हणजे मुळं जिवंत आहेत."

"कार्यकर्ते रे, कार्यकर्ते! आणि हे बघ. 'नुसत्या वाळूवर काही उभे राहत नाही.' हा टोला आपल्याला आहे. आपल्या चौपाटीवरच्या सभांना."

वसंत जरा विचारात पडला. चौपाटीवर वाळू होती खरी.

"'फुकट खाणारे आधी माजतात.' हे कोण, ते मी सांगायला नको."

"नको."

"आणि आता मुख्य." नानांनी चष्मा पुसला. "'मोठ्यांना काही दिवस बादलीत ठेवा.'"

"बादली म्हणजे तुरुंग?"

"तुरुंगात सरकार ठेवतं. इथं आपल्याला ठेवायला सांगितलंय. बादली म्हणजे भूमिगत. पुढारी येतायत तिकडून, त्यांना लपवायचंय."

"पण नाना, भूमिगत म्हणजे जमिनीखाली. बादली तर जमिनीवर असते."

"म्हणून तर कुणाला संशय येत नाही!"

भिवा पहिल्या पाळीहून आला तेव्हा नाना जिन्यातच उभे होते. अर्ध्या बहिऱ्याच्या कानात कुजबुजणं अवघड. पण भिवा ओठ वाचतो हे नानांना ठाऊक होतं. त्यांनी आवाज न काढता नुसते ओठ हलवले. कार्ड. आलंय. बेळगाव.

"कांताचा?" भिवा ओरडला.

"हळू!" नानांनी इकडे तिकडे बघून कार्ड त्याच्या हातात कोंबलं. भिवानं एकेका अक्षरावर बोट ठेवून ते वाचलं. वाचता वाचता त्याच्या कपाळावरच्या आठ्या सुटत गेल्या. मुळं जिवंत होती.

"नाना, तुमी वाचलास?"

"नजरेखालून गेलं."

"मगे? करूक व्हया ना ह्या सगळा?"

"करायलाच हवं. भिवा, मी तुझ्या पाठीशी आहे."

भिवाला भरून आलं. सहा वर्षं या माणसानं आपल्या तळ्याकडे कधी मान वळवून बघितलं नव्हतं, आणि आज म्हणतो पाठीशी आहे. त्यानं विचारलं, "माती खंयसून आणूची?"

"सगळीकडून. प्रत्येक जिल्ह्यातून मूठ मूठ. सगळं एकत्र आल्याशिवाय जोर येत नाही."

नाना शिकलेले. असेल तसं शास्त्रात, भिवाला वाटलं. मालवणची तांबडी तो शिमग्याला गावी जाणाऱ्याकडून आणवणारच होता. आणखी चार ठिकाणची आली तर रिबिनीला सगळी चव मिळेल.

"आणि मोठ्यांचं?" नानांनी ओठांनी विचारलं.

"तां मी बघतंय. बादली घासून ठेवतंय."

नानांनी त्याचा कापूस चिकटलेला हात दोन्ही हातांत घेतला. "तू एवढा आतला माणूस असशील असं वाटलं नव्हतं रे."

*

शिमगा झाला. गावोगावची माणसं परत आली. पाडव्याच्या आधीच्या रविवारी सकाळी भिवा खोलीत पाणी उपसत होता तेव्हा गॅलरीत चपलांचा आवाज सुरू झाला. एकामागून एक माणसं येऊ लागली आणि प्रत्येकाच्या हातात पुडी. कुणाची वर्तमानपत्राच्या कागदात, कुणाची रुमालात, एकाची तर देवाच्या अंगाऱ्यासारखी पानात. नानांनी चाळीत गुपचूप निरोप फिरवला होता, "माती आणा, कशाला ते विचारू नका," आणि चाळीत ज्या गोष्टीचं कारण सांगत नाहीत ती सगळे करतात.

मालवणची तांबडी आली. साताऱ्याची आली. जळगावची काळी, बोटाला चिकटली की सुटेना अशी. नगरची खडकाळ, कोल्हापूरची मऊ. नायगावच्या पोलीस वस्तीतल्या एका हवालदारानं नागपूरची पाठवली होती, त्यामुळं नानांचं काळीज एकदा लक्कन हललं होतं. सतरा पुड्या झाल्या.

अठरावी सखुबाईची. तिनं ओच्यातून ओली वाळू काढली.

"सखुबाई, माती सांगितली होती. ही तर किनाऱ्याची वाळू," नाना म्हणाले.

"मंग? तुमचे गाव लांब लांब. गाडीनं जाता, आनता. आमी कोली इथलेच. माझा गाव ह्योच. नसंल घ्यायची तर तसं सांगा, मुंबई वगळून तुमचा संयुक्त म्हाराष्ट्र करा."

नाना चमकले. "नाही, नाही! मुंबई तर हवीच!"

भिवा मात्र गडबडला. खारी वाळू रिबिनीला मारील. शेवटी ती वाळू नऊ पाण्यांनी धुवायचं ठरलं. नळाला दहा वाजेपर्यंतच पाणी, रांगेत बायका खोळंबलेल्या, आणि भिवा मुंबई धूत बसलेला. दर पाण्यानंतर चंपा चिमूटभर वाळू जिभेवर ठेवून थुंकायची. "अजून खारी. अजून. अजून." नवव्या पाण्याला म्हणाली, "झाली गो बाय गोडी."

मग नाना खाटेवर चढले. समोर खोलीत, दारात, गॅलरीत मिळून तीसेक माणसं. नाना दबक्या आवाजात बोलले, पण भाषणाची सवय असलेल्या माणसाचा दबका आवाज खाली रस्त्यावर पोचतो.

"बंधूंनो, मुळं जिवंत आहेत!"

भिवानं ओठ वाचले आणि मान डोलावली. होय, कालच त्यानं बघितली होती. पांढरी, जिवंत.

"आज आपण तळापासून बदल करतो आहोत!"

"होय तर," भिवा म्हणाला आणि जुन्या वाळूचं घमेलं दाराबाहेर सरकवलं.

एकेक माणूस पुढं आला. भिवानं प्रत्येकाच्या पुडीतली अर्धी माती रिकाम्या तळ्यात पसरली आणि अर्धी पुडी परत बांधून ठेवली. लाल, काळी, भुरी, पिवळी. वर सखुबाईची मुंबई जाडसर दाबून बसवली. तिच्यात ती चार पिवळी पाती बोटानं भोक पाडून रोवली, जशी बाळाच्या टाळूला तेल भरावं तशी. वर ताटली ठेवून, ताटलीवर धार धरून, हळूहळू पाणी सोडलं. तरी जळगाव उठलंच. सगळं पाणी चहासारखं झालं. कुणीतरी "जय" म्हणालं, आणि भिवाच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्याच्या चार पात्यांसाठी सगळी चाळ आली होती.

सभा संपली असं वाटून माणसं हलली. नाना भिवाच्या जवळ आले, ओठांनी म्हणाले, "मोठे?"

"इले ना. बादलीतच आसत."

नानांनी दाराकडे बघून घेतलं. "किती?"

"दोघे. एक काळो, एक सोन्याच्या रंगाचो."

"कुठं?"

"हंय काय, गॅलरीत. सूप झाकून ठेवलंय, मांजर येता म्हणान."

"सूप?" नानांनी श्वास घेतला. "जिवंत ना?"

"जिवंत तर! सकाळीच पीठ घातलंय."

नाना गॅलरीत गेले. त्यांनी टोपी सारखी केली. एवढ्या वर्षांत प्रथमच इतिहास त्यांच्या दारापासून चार खोल्यांवर येऊन थांबला होता. त्यांनी वाकून, अदबीनं, सूप उचललं.

बादलीतून दोन मासे त्यांच्याकडे तोंड उघडून बघत होते.

मग सखुबाईनं बादलीत डोकावून बघितलं, नानांच्या तोंडाकडे बघितलं, आणि तिच्या पोटातून जे हसू फुटलं त्यानं ती टोपलीसकट हलली. वसंत भिंतीला टेकला. चंपा पदरात तोंड घालून वाकली. हळूहळू सगळा मजला हसत होता आणि मधोमध नाना हातात सूप घेऊन उभे होते.

भिवाला आवाज कळत नव्हता, पण ओठ कळत होते. त्यानं एकेकाचे ओठ वाचले आणि त्याला सगळं उमगलं. कार्ड कुणी कसं वाचलं, माती कशासाठी आली, जय कुणाचा झाला. त्याची मान खाली गेली.

नाना सूप ठेवून उंबऱ्यावर बसले. "चार वर्षं रे भिवा," ते म्हणाले, नेहमीच्या आवाजात नाही. "एकदा तरी वाटलं होतं, आपल्याला कुणीतरी काहीतरी खरं काम सांगेल."

भिवा त्यांच्यासमोर बसला. "नाना, ह्या काम खोटा काय? माझा चेडू येतला. तिका मी जपीन म्हणान सांगितलंय. मी खोटो पडलंय. तुमी सगळ्यांनी माती आणलास ना? ती तर खरी आसा?"

नानांनी बादलीकडे बघितलं. काळा मासा वर आला, एक बुडबुडा सोडून खाली गेला.

"रिबीन म्हणजे," नाना शेवटी म्हणाले, "मांजर नव्हे तर."

*

त्या दिवसापासून तळं नानांनी हातात घेतलं. ज्या माणसाचा लढा हुकला होता त्याला लढा मिळाला. उरलेल्या पुड्या त्यांनी गावांची नावं घालून आपल्या कपाटात लावल्या. भिंतीवर यादी टांगली. यादीत एकच जागा रिकामी होती. त्यांनी कांताला कार्ड टाकलं, "येताना तिकडची मूठभर माती आणावी. बाकी सर्व आहेत." एवढंच लिहिलं, मग खाली घाईघाईनं जोडलं, "रिबिनीसाठी."

उजेडाचं काम वसंतचं. खोलीत एकच मिणमिणता दिवा, त्यात माणसाला माणूस दिसे ते ओळखीमुळं. वसंतनं कुठूनशी दोन फुटी ट्यूब आणली. तळ्यावर पत्र्याची पन्हळ उलटी करून बसवली, आत ट्यूब. खटका दाबला. ट्यूब दोनदा डोळे मिचकावून उघडली आणि तिसऱ्या मजल्यावर चांदणं पडलं.

"एकदम नको असं लिहिलंय तिनं," वसंतनं बजावलं. "दिवसाला दोन तास."

पण चाळीला ट्यूब नवीन. संध्याकाळी सातला लागली की गॅलरीतून माणसं आत. कुणी वर्तमानपत्र घेऊन, कुणी तांदूळ घेऊन निवडायला. शिवणारी गुणवंती सुईत दोरा ओवायला येई ती ब्लाऊज पुरा करून जाई. नऊ वाजता भिवा खटक्याकडे हात नेई आणि दहा तोंडं म्हणत, "थांब रे, एवढं पान." आठवडाभरात पाणी हिरवं झालं. आधी फिकट, मग पोपटी, मग पालकाच्या भाजीसारखं. रिबीन दिसेना. मासे, जे आता परत तळ्यात गेले होते, तेही दिसेनात. नानांनी काचेला नाक लावून बघितलं आणि कार्ड आठवून हताश आवाजात म्हणाले, "फुकट खाणारे माजले."

पंधरा दिवस उरले होते. भिवाला घास जाईना. वसंत म्हणाला, पाणी सगळं काढू. नाना म्हणाले, सभा घेऊ. चंपा चुलीपुढून उठली, ट्रंकेतलं आपलं जुनं, जाड लुगडं काढलं आणि सगळं तळं त्यात गुंडाळलं, वरून, खालून, कडेनं.

"ह्या काय?"

"पोराचे डोळे इले तर काय करतस? काळोखात निजवतस ना? तसा. तीन दिस कोणी उघडूचा नाय. आणि दिवो बंद. पेपर वाचूचो तर खाली रस्त्याच्या दिव्याखाली जावा."

तीन दिवस मजला आपल्या अंधारात परतला. नाना येता जाता लुगड्याला हात लावून बघत, जसा ताप बघावा. चौथ्या दिवशी चंपानं गाठ सोडली. पाणी निवळलं होतं. हिरवं खाली बसलं होतं, पावडरीसारखं. भिवानं ते नळीनं ओढून काढलं. मग त्यानं तळाशी बघितलं आणि बोलायचं सोडून नानांचा खांदा धरला.

चार पाती सरळ उभी होती. आणि दोन पात्यांच्या मधून मुंबईच्या वाळूवर एक पांढरी दोरी सरपटत गेली होती, आणि तिच्या टोकाला नखाएवढं, कोवळं, नवीन हिरवं.

ट्यूब त्यानंतर सातला लागे आणि नऊला बंद होई. नाना स्वतः खटक्यापाशी उभे राहत. कुणाचं पान उरलं तर उरलं.

*

तीस एप्रिलला सकाळी कांता आली. उद्या राज्य होणार म्हणून सगळ्या गॅलऱ्यांत पताका, दिव्यांच्या माळा, वसंत शिडीवर. पुण्याला गाडी बदलून, अवघडून, हळूहळू ती तीन मजले चढली. चंपानं भाकरतुकडा ओवाळून टाकला. पण ती बसलीच नाही. सरळ खिडकीशी गेली.

भिवा मागं उभा राहिला. त्याला तिचे ओठ दिसत नव्हते, फक्त पाठ दिसत होती. ती पाठ हलायला लागली. रडते, त्याला वाटलं. तो पुढं झाला तर ती पोट धरून हसत होती.

"बाबा, हे काय?"

तळ्याच्या एका कोपऱ्यातून, पाण्याबाहेर वीतभर, नाचणीची चार रोपं डोलत होती. कुणाच्या तरी गावच्या मातीत दाणा राहिला होता.

"ता... ता आपोआप इला," भिवा म्हणाला. "तू खाली बघ."

तिनं खाली बघितलं. वाकता येईना म्हणून स्टूल ओढून बसली. बोटानं काचेवर मोजलं. सात. ती हसायची थांबली. काचेला गाल लावला, तसाच, वर्षापूर्वीसारखा, आणि काळा मासा येऊन तिच्या गालाशी थांबला. भिवानं मान वळवली आणि धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं.

दारात नाना उभे होते. धुतलेलं धोतर, टोपी, हातात यादी.

"नानाकाका, या ना."

"आणलीस?"

कांता लाल झाली. तिनं पिशवीतून एक डबा काढला. रिकामा खणखणला.

"आणली होती. डबाभर." ती पदराशी चाळा करू लागली. "पण गाडीत... झाकण जरा उघडलं, वास आला... बेळगाव सुटलं तेव्हा भरलेला होता. मिरजेला अर्धा. पुण्यापर्यंत..."

"सांडली?"

"खाल्ली," कांता म्हणाली.

"डोहाळे!" चंपा आणि सखुबाई एकदम म्हणाल्या. "मातीचे डोहाळे! अगो, पहिलटकरणीक लागतत. पण डबोभर?"

नाना यादीकडे बघत उभे राहिले. मग कांताच्या पोटाकडे बघितलं, आणि पटकन नजर वळवली. त्यांच्या मिशा हलू लागल्या.

"म्हणजे आली," ते म्हणाले. "सीमा ओलांडून आली. आणि कुणी अडवलं नाही?"

"कोण अडवणार काका? पोटात होती."

नानांनी खिशातून पेन्सिल काढली आणि यादीतली रिकामी जागा भरली. अक्षर मोत्यासारखं.

डब्याच्या कडांना चिमूटभर राहिली होती. ती भिवानं बोटानं गोळा केली, हात कोपरापर्यंत पाण्यात घातला आणि नव्या पात्याच्या मुळाशी दाबली. चंपा चुलीकडे वळताना पुटपुटली:

माती सतरा गावांची, एक राहिली पल्याड
लेक गिळून ती आली, उघडा गो कवाड

"नानाकाका," कांता हळूच म्हणाली. तिचं लक्ष कधीचं गॅलरीच्या वळणापलीकडे, नानांच्या उघड्या दारातून दिसणाऱ्या कपाटावर होतं. "त्या पुड्या कसल्या?"

"उरलेल्या आहेत. सगळ्या जिल्ह्यांच्या."

"बघू?"

"गो, चिमूटभरच!" चंपा ओरडली.

नाना लगबगीनं गेले आणि सगळ्या पुड्या ओंजळीत घेऊन आले. तिच्यासमोर मांडी घालून बसले आणि एकेक सोडू लागले.

"आधी कुठली?" त्यांनी विचारलं. "जळगाव जरा जड पडेल."